आधी वही, मग डेटाबेस

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला असताना, शोधशब्द जोडायच्या बुलियन लॉजिकवर मी पाच मार्कांची टीप अशी काही लिहिली होती की मॅडमनी ती वर्गात वाचून दाखवली. अँड, ऑर, नॉट. तीन गोल एकमेकांत अडकलेले, मधला भाग पेन्सिलीनं रंगवलेला. पुढं एम.लिब.च्या लघुशोधप्रबंधासाठी खऱ्या डेटाबेससमोर बसले, तेव्हा त्यातला एक गोलही आठवला नाही. विषयाचं अख्खं शीर्षक, 'परभणी जिल्ह्यातील ग्रामीण सार्वजनिक ग्रंथालयांतील महिला वाचकांच्या वाचनसवयी', इंग्रजीत करून एका दमात शोधाच्या खोक्यात टाकलं. उत्तर आलं शून्य. मला तर आनंदच झाला. या विषयावर कुणीच काम केलेलं नाही, असं प्रस्तावनेत लिहूनही मोकळी झाले.

मॅडमनी ते वाक्य खोडलं नाही. समासात फक्त लिहिलं, "कुणी केलेलं नाही, की तुला सापडलेलं नाही?"

त्या प्रश्नापायी माझे पुढचे दोन महिने गेले. आता मी परभणी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहे. दरवर्षी प्रकल्पाचे दिवस आले की बी.लिब., एम.लिब.ची पोरं-पोरी मोबाईल पुढं करून विचारतात, "ताई, काहीच येईना." खोक्यात बघावं तर तेच, अख्खं शीर्षक. म्हणून डेटाबेसमध्ये संदर्भ कसे शोधायचे, हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

पहिलं काम संगणकावरचं नाहीच. वही काढा आणि विषयाचे तुकडे करा. हे कसं करायचं ते आपल्याला अभ्यासक्रमात शिकवलेलं असतं, पण ते परीक्षेपुरतं ठेवून आपण मोकळे होतो. रंगनाथनांचं कोलन क्लासिफिकेशन, म्हणजे पुस्तकांना विषयावरून क्रमांक द्यायची पद्धत, १९३३ सालचं. त्यातले विषयाचे पाच पैलू, पर्सनॅलिटी, मॅटर, एनर्जी, स्पेस, टाइम, आपण घोकतो. पुस्तकाला क्रमांक देताना विषय जसा फोडतो, तसाच शोधतानाही फोडायचा. यातलं कुठलं पर्सनॅलिटी आणि कुठलं एनर्जी यावर परीक्षेत भांडा, इथं रकाने पडले की झालं. माझ्या वहीतलं ते पान अजून आहे:

ग्रंथालय: पब्लिक लायब्ररी, रूरल लायब्ररी, व्हिलेज लायब्ररी, कम्युनिटी लायब्ररी, रीडिंग रूम, ग्रंथालय, वाचनालय
बायका: विमेन, वुमन, फीमेल, गर्ल्स, हाउसवाइफ, जेंडर, महिला, स्त्री, स्त्रिया
वाचन: रीडिंग हॅबिट, रीडिंग इंटरेस्ट, लायब्ररी यूज, इन्फर्मेशन नीड, इन्फर्मेशन सीकिंग
जागा: परभणी, मराठवाडा, महाराष्ट्र, इंडिया

(इंग्रजी शब्द इथं देवनागरीत लिहिलेत. शोधताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनं टाकायचे.)

हे पान भरायला मला तीन दिवस लागले आणि तेच दिवस सगळ्यात कामी आले. कारण डेटाबेस तुमच्या मनातला विषय शोधत नाही, समोरच्या माणसानं लिहिलेला शब्द शोधतो. कायद्यात 'ग्रंथालय' आहे, गावातल्या पाटीवर 'वाचनालय'. मी 'रीडिंग'ला धरून बसले होते, आणि माझ्या विषयाच्या सगळ्यात जवळचं काम त्या शब्दाखाली नव्हतंच. बायकांना माहितीची गरज काय पडते, या अंगानं लोकांनी लिहिलं होतं, म्हणजे 'इन्फर्मेशन नीड'. वाचन हा शब्द आत कुठंतरी, चौथ्या प्रकरणात.

आपण तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, 'पाहा' नोंद करतो ना, एका शब्दावरून दुसऱ्यावर वाचकाला पाठवणारी? काही डेटाबेसमध्ये ती सोय तयार असते, तिला थिसॉरस म्हणतात. सरावासाठी एरिक घ्या. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. त्यात बायकांसाठी ठरवलेली संज्ञा 'फीमेल्स' आहे. नोंद करणाऱ्यानं लेखाला जी संज्ञा दिली, तिच्यावरून शोधलं की लेखकानं आपल्या लेखात कुठलाही शब्द वापरलेला असो, लेख हाती लागतो. सिअर्स लिस्ट, म्हणजे विषयशीर्षकांची ठरलेली यादी, पाठ करताना "हे कशाला?" असं ज्यांना वाटलं, त्यांना उत्तर इथं मिळेल.

आता जागेचा रकाना. यावर जरा थांबते, कारण मराठवाड्याच्या पोरांची गाडी इथंच रुतते आणि बाहेरच्या पुस्तकांत हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडची नावं आणि सीमा सारख्या हलल्यात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव अधिकृतपणे झालं २०२३ मध्ये. त्याआधीच्या नोंदी जुन्याच नावानं आहेत आणि राहणार. म्हणजे दोन्ही नावं टाकायची, मध्ये ऑर. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. हिंगोलीच्या वाचनालयांवर १९९० सालचं काही शोधत असाल तर ते परभणीत सापडेल. लातूरचं जुनं उस्मानाबादेत. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होती. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत निराळंच दिसतं, 'भीर' वाचावं असं. आणि १९५६ च्या आधीचं काही हवं असेल तर 'महाराष्ट्र' हा शब्द टाकून काही उपयोग नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. ग्रंथालय कायद्याचंच बघा: महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, पण हैदराबादचा १९५५ चा. मराठवाड्यातल्या ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यानं 'हैदराबाद' टाकलं नाही, तर त्याचं पहिलं प्रकरण कोरंच राहील.

याहून मोठा खड्डा मला मराठवाडा या शब्दातच सापडला. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, मी 'मराठवाडा' टाकलं आणि रसायनशास्त्र, हिंदी कविता, कबड्डी, सगळं आलं. अर्धा तास कळेना की कबड्डीचा माझ्याशी संबंध काय. मग एक नोंद पूर्ण उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली. शीर्षकात मराठवाडा नाही, सारांशात नाही. विद्यापीठाच्या रकान्यात मात्र होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोघांच्याही नावात तो शब्द आहे. म्हणजे या दोन विद्यापीठांत कुणी कशावरही पीएच.डी. केली तरी ती माझ्या जाळ्यात येणार. उपाय सोपा आहे: जागेचं नाव सगळीकडं न शोधता फक्त शीर्षकात शोधायचं. शोधगंगेत फिल्टर लावून शीर्षक निवडता येतं. गूगल स्कॉलरमध्ये (गूगलचं संशोधनलेख शोधायचं पान) शब्दाआधी 'इनटायटल' आणि विसर्गासारखी ती दोन टिंबं, मध्ये जागा न सोडता. तेव्हापासून कुठल्याही नव्या डेटाबेसमध्ये गेले की आधी एक नोंद अख्खी उघडून बघते, कोणकोणते रकाने आहेत ते. तालिकाकार असल्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

जागेची साखळीही वहीत लिहून ठेवा: परभणी, मराठवाडा, महाराष्ट्र, भारत. परभणीवर काही मिळालं नाही तर विषय सोडायचा नाही, एक पायरी वर चढायचं. विषयाच्या कड्या एकाखाली एक मांडून सूची करायची साखळी अनुक्रमणी शिकलात, तीच ही.

आता अँड आणि ऑर. एका रकान्यातल्या शब्दांमध्ये ऑर, दोन रकान्यांमध्ये अँड. बास, तीन गोलांचं सार इतकंच. ऑरनं पसारा वाढतो, अँडनं कमी होतो. प्रत्यक्षात ते असं दिसतं:

("पब्लिक लायब्ररी" ऑर "रूरल लायब्ररी" ऑर "व्हिलेज लायब्ररी") अँड (विमेन ऑर फीमेल)

दोन शब्दांची जोडी अवतरणचिन्हात घातली की ती सलग तशीच शोधली जाते. कंस विसरलात तर यंत्र आपल्या मनानं जोड्या लावतं. ऑर हा शब्द गूगल स्कॉलरमध्ये मोठ्या अक्षरांतच लागतो, बारीक अक्षरांत लिहिला तर तो जोडशब्द म्हणून धरला जात नाही. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नसल्यानं हे आपल्या ध्यानातच राहत नाही. माझ्या तर कितीदा राहिलं नाही.

चारही रकाने एकदम जोडू नका. दोनांनी सुरुवात करा, काय येतंय बघा, मग तिसरा. आमच्याकडचे परिचर मामा एकदा माझ्या मागं उभं राहून बघत होते. मी लांबलचक ओळ टाकली आणि परत शून्य. म्हणाले, "ताई, समदं एकदम चाळणीत वतलं की चाळणी तुंबती." मामांनी आयुष्यात डेटाबेस उघडलेला नाही, पण ज्वारी चाळलेली आहे.

तारा, म्हणजे ती छोटी चांदणी, शब्द अर्ध्यात तोडायला वापरतात. इंग्रजीत लायब्ररीचं अनेकवचन करताना शेवटचा वाय जातो, म्हणून वायच्या आधीच तोडून तारा लावली की लायब्ररी, लायब्ररीज, लायब्ररियन तिन्ही येतात. लिस्टा या ग्रंथालयशास्त्रातल्या लेखांच्या डेटाबेसमध्ये हे चालतं. गूगल स्कॉलरमध्ये शब्दाला तारा लावून काही होत नाही. एकवचन-अनेकवचन ते आपलं आपण बघतं. प्रत्येक डेटाबेसच्या 'हेल्प' पानावर हे लिहिलेलं असतं आणि ते पान कुणीच उघडत नाही.

नॉटपासून मात्र जपून. मला शहरी वाचक नको होते म्हणून 'नॉट अर्बन' लावलं. ज्या लेखात ग्रामीण आणि शहरी बायकांची तुलना होती, तोही त्यासरशी गेला. नेमका तोच मला हवा होता. सूप जोरात पाखडलं की भुशाबरोबर दाणेही उडतात. रिकॉल (हवं त्यातलं किती सापडलं) आणि प्रिसिजन (सापडलं त्यातलं किती हवं होतं) यांची व्याख्या विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

शब्द तोच आणि अर्थ दुसरा, हाही एक घोळ आहे. आपण 'मुक्तद्वार पद्धती' म्हणतो, वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढायचं ती. तिचं इंग्रजी 'ओपन ॲक्सेस'. एका मुलीचा विषय हाच होता. तिनं 'ओपन ॲक्सेस' टाकलं आणि आले सगळे फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाइन जर्नल्सबद्दलचे लेख, कारण २००० नंतर हा शब्द बहुतेक त्याच अर्थानं वापरला जातो. आम्ही सोबत 'शेल्फ' आणि 'स्टॅक' हे शब्द जोडले, सालाची मर्यादा २००० च्या आधीची लावली, तेव्हा कुठं कपाटं दिसायला लागली.

कुठं शोधायचं, हे थोडक्यात सांगते. प्रबंधांसाठी शोधगंगा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं काम आहे, कुणालाही खुलं. कृषी विषयातले प्रबंध मात्र कृषिकोशात बघा. परभणीला कृषी विद्यापीठ असून आपल्या पोरांना ते नाव माहीत नसतं. आपल्या शास्त्रातल्या लेखांसाठी लिस्टा, तीत सारांश फुकट मिळतात. पूर्ण लेख फुकट हवे असतील तर डोआज, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सची सूची. गूगल स्कॉलर सगळ्यांत सोपं आणि म्हणूनच सगळ्यांत फसवं: आत काय आहे आणि काय नाही याची यादी कुठंच नसते, आणि निकाल हजारोंनी दाखवले तरी प्रत्यक्षात पहिल्या हजारापर्यंतच जाता येतं. मोबाईलवर त्यातला सविस्तर शोध डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मागं लपलेला आहे. नॅशनल डिजिटल लायब्ररीपासून सुरुवात करू नका, असं माझं मत. पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिकांना ती छान आहे, पण संदर्भ शोधणारा नवशिका तिथं हरवतो.

पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसबद्दल एकच सांगणं: आधी स्वतःच्या ग्रंथालयात विचारा. कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही इन्फ्लिबनेटची योजना आहे. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. केंद्र आणि राज्य सरकारी उच्चशिक्षण संस्थांना त्यातून सुमारे तेरा हजार जर्नल्स खुली होतात. मी शिकत होते तिथं एन-लिस्टची वर्गणी दरवर्षी भरली जायची आणि पासवर्ड एका कपाटात कुलुपात असायचा. "मुलं काय करणार त्याचं?" असं उत्तर मिळालं होतं. मी लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. नवव्या दिवशी पासवर्ड मिळाला. तुम्हीही तोंडी विचारत बसू नका.

सापडलेलं कसं वाचायचं, त्यातही एक युक्ती आहे. शोधगंगेत प्रबंध एका फाईलीत नसतो, प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफ असतात. माझ्या घरी तेव्हा लाईट गेली की गच्चीवर जाऊन मोबाईलची रेंज धरावी लागायची, त्यामुळं कुठली फाईल आधी उतरवायची हा खरा प्रश्न होता. मी आधी संदर्भसूची उतरवायचे. कुणी चार-पाच वर्षं घालून जमवलेली यादी आयती मिळते. मग पूर्वसंशोधनाचं प्रकरण. बाकीचं नंतर. ही झाली मागची वाट. पुढची वाट गूगल स्कॉलरमध्ये 'सायटेड बाय'वर दाबून मिळते: या लेखाचा आधार पुढं कुणी घेतला ते. 'सायटेड बाय'च्या यादीतही आतल्या आत शब्द टाकून शोधता येतं, वर छोटा चौकोन असतो. एक चांगला लेख सापडला की दोन्ही वाटा चालायच्या. शंभर नवे शोध घेण्यापेक्षा ते बरं.

अलीकडं पोरं चॅटबॉटकडून संदर्भांची तयार यादी आणतात. गेल्या वर्षी एकानं दहा संदर्भ आणले. आम्ही एकेक शीर्षक अवतरणचिन्हात घालून शोधलं. चार कुठंच नव्हते. जर्नल खरं, लेखकाचं नाव ओळखीचं वाटणारं, लेखच अस्तित्वात नाही. शब्द सुचवायला त्याला विचारा, माझी हरकत नाही. पण वहीतल्या रकान्यात भर घालण्यापुरतंच.

मराठीतून शोधताना आणखी दोन अडचणी. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाईप केलेल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आतून भलतीच अक्षरं असतात. मजकूर उचलून दुसरीकडं चिकटवला की कळतं. त्यांच्या आतलं काही शोधात येत नाही, म्हणून त्यांना नोंदीतल्या शीर्षकावरूनच पकडावं लागतं. ते शीर्षकही बऱ्याचदा रोमन अक्षरांत उतरवलेलं असतं. 'ग्रंथालय' तसं शोधताना शेवटी ए लावून बघा आणि न लावता बघा. दुसरी अडचण 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातल्या त्या अर्ध्या र ची. तो दोन पद्धतींनी टाईप होतो, दिसतो सारखाच, पण साध्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. असा शब्द टाळून 'शेतकरी' टाकलेलं सोपं.

आणि शेवटी परत वही. प्रत्येक शोधाची एक ओळ: तारीख, डेटाबेस, नेमके टाकलेले शब्द, किती आले, किती ठेवले. कंटाळा येतो, मान्य. पण मंगळवारी काय शोधलं ते शुक्रवारी आठवत नाही आणि तेच पुन्हा शोधत बसतो. झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सापडलेले संदर्भ त्यात ठेवा. फसलेले शोध मात्र त्यात राहत नाहीत, ते वहीतच लागतात. माझ्या वहीत फसलेल्यांच्याच ओळी जास्त आहेत.

त्या ओळींच्या जोरावर मी प्रस्तावनेतलं ते वाक्य पुन्हा लिहिलं. शोधगंगा, लिस्टा, एरिक आणि गूगल स्कॉलर यांत अमुक अमुक संज्ञांनी शोध घेतला असता ग्रामीण महिलांच्या माहितीच्या गरजांवर काम आढळले. परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या महिला वाचकांवर स्वतंत्र काम आढळले नाही. लांबलचक झालं, पण खरं झालं. कागद मॅडमकडे गेला आणि परत आला. समासात या खेपेला एकच शब्द होता.

"तारीख?"

वही उघडली. तारीख होती.